क्ष-किरणांची मात्रा : चिठ्ठी लिहिणाऱ्याचेही उत्तरदायित्व

कटिशूलाचा रुग्ण समोर बसला की ‘एक्स-रे, एल. एस. स्पाइन’ एवढेच लिहून त्याला निदान केंद्राकडे धाडण्याची पद्धत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. औषध योजताना द्रव्य, मात्रा, काल व अनुपान यांचा बारकाईने विचार करणारा वैद्य या चिठ्ठीबाबत मात्र तसा विचार करताना क्वचितच आढळतो. वस्तुतः क्ष-किरणांनाही मात्रा असते. यंत्र आपण चालवीत नाही, हे खरे. परंतु ते सुरू करण्याचा आदेश आपल्याच चिठ्ठीतून निघतो. म्हणून हे किरण कसे उत्पन्न होतात व त्यांचे नियंत्रण कशाने होते, याचे मूलभूत ज्ञान प्रत्येक चिकित्सकास असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे हे किरण प्रथम पाहिले. त्या काळच्या नळ्यांत अल्पसा वायू शिल्लक असे व किरणांची तीव्रता हाती राहत नसे. मात्रेचे भान नसल्याची किंमत अनेकांनी मोजली. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचा १९०४ मध्ये याच किरणांच्या दुष्परिणामांनी मृत्यू झाला. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तप्त तंतूची निर्वात नळी सिद्ध केली आणि किरणांची मात्रा प्रथमच खऱ्या अर्थाने मनुष्याच्या अधीन झाली. आजची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

या नळीत दोन ध्रुव असतात. ऋणध्रुवाकडील टंगस्टनचा तंतू विद्युतप्रवाहाने तापतो व त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हजारो व्होल्टचा दाब मिळताच ते प्रचंड वेगाने धनध्रुवाच्या टंगस्टन तबकडीवर आदळतात. तेथील अणूंजवळ त्यांची गती एकाएकी रोखली जाते आणि त्या ऊर्जेचा काही अंश क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. हा अंश जेमतेम एक टक्का असतो. उरलेली सुमारे नव्व्याण्णव टक्के ऊर्जा उष्णता बनते. म्हणूनच ३४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला वितळणारे टंगस्टन निवडले जाते आणि मोठ्या यंत्रांत तबकडी मिनिटाला सुमारे तीन हजार वा अधिक फेऱ्यांनी फिरती ठेवतात, जेणेकरून उष्णता एकाच बिंदूवर साठू नये.

नियंत्रणाची सूत्रे मुख्यतः तीन आहेत. किलोव्होल्ट हे किरणांची भेदनशक्ती ठरवितात, मिलिॲम्पियर त्यांची संख्या ठरवितात, तर सेकंद त्यांचा काल. वैद्यांच्या भाषेत बोलायचे तर पहिला गुण, दुसरी मात्रा व तिसरा काल होय. हाताच्या अस्थींना पन्नास-पंचावन्न किलोव्होल्ट पुरतात; कटिकशेरुकांना ऐंशीच्या आसपास लागतात. शंभर मिलिॲम्पियर एक-दशांश सेकंद दिले काय अथवा दोनशे मिलिॲम्पियर त्याच्या निम्म्या वेळात दिले काय, किरणांची एकूण संख्या तीच राहते. मात्र रडणाऱ्या बालकासाठी वा श्वास लागलेल्या रुग्णासाठी दुसरा मार्गच श्रेयस्कर, कारण हालचालीने चित्र पुसट झाले तर ते पुन्हा काढावे लागते आणि मात्रा दुप्पट होते.

याखेरीज नळीच्या मुखाशी साधारण अडीच मिलिमीटर ॲल्युमिनियमची गाळणी असते. चित्रापर्यंत न पोहोचता त्वचेतच जिरणारे दुर्बल किरण ती अडविते. झोत हव्या त्या भागापुरताच मर्यादित ठेवण्यासाठी शिशाचे पडदे असतात. गुडघ्याच्या चित्रासाठी अर्धी मांडी उजळून निघत असेल, तर दोष यंत्राचा नव्हे, दुर्लक्षाचा असतो.

येथे एका नव्या धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. फिल्मच्या काळात मात्रा अधिक झाली की चित्र काळे पडे; चूक आपोआप उघडी होई. आजच्या डिजिटल पद्धतीत संगणक चित्र सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार दिसते, परंतु अधिक पडले तर ते उलट सुरेखच दिसते. साहजिकच मात्रा नकळत चढत जाण्याचा संभव राहतो. त्यामुळे ‘चित्र फार स्वच्छ आले’ एवढ्यावर केंद्राची पारख करणे योग्य नव्हे. केंद्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना आहे काय, यंत्राची नियमित तपासणी होते काय, हेही विचारले पाहिजे.

मात्रेतील अंतर किती असते, तेही पाहावे. छातीच्या एका चित्रात सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट मात्रा पोहोचते. कटिकशेरुकांच्या तपासणीत सुमारे एक ते दीड मिलिसीव्हर्ट. म्हणजे आपण ज्या चिठ्ठ्या सर्वाधिक सहजपणे लिहितो, त्यांतील एक छातीच्या चित्राच्या पन्नासपटींहून अधिक किरण देते. निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, त्यामुळे भयाचे कारण नाही. परंतु यंत्र चालविणाऱ्यास वार्षिक मर्यादा ठरवून दिलेली असताना रुग्णास तशी मर्यादा नाही. तेथे ‘खरी गरज आहे काय’ हा चिकित्सकाचा विवेक हीच मर्यादा होय.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसही एक विनंती. ‘एक्स-रेची उष्णता अंगात शिरली, ती काढणारे औषध द्या’ असे म्हणणारे ग्राहक येतात. दिवा मालवताच जसा प्रकाश उरत नाही, तसे वीज बंद होताच हे किरण उरत नाहीत. ना खोलीत, ना देहात. जो काही सूक्ष्म परिणाम व्हावयाचा, तो त्या क्षणी पेशींत होतो आणि तो धुऊन काढणारे औषध नाही. अशा समजुतीवर शीतवीर्य कल्प विकणे म्हणजे ग्राहकाची व शास्त्राची, दोहोंची फसवणूक होय.

तेव्हा व्यवहारात काय करावे? दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेनंतरच चिठ्ठी लिहावी. पडल्याचा इतिहास, ज्वर, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, पायांतील शक्ती कमी होणे वा मूत्रावरोध यांपैकी काही नसेल, तर नव्या कटिशूलात घाईने चित्र काढण्याचे प्रयोजन सहसा नसते. मूत्रावरोध वा वाढते दौर्बल्य असेल, तर एक्स-रेपाशी न थांबता रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. जुनी चित्रे प्रथम मागवावीत. चिठ्ठीवर लक्षणे, संशयित व्याधी, नेमका भाग व बाजू लिहावी. प्रजननक्षम वयातील स्त्रीस मासिक पाळीची तारीख विचारून ती नोंदवावी. याउलट अस्थिभग्न वा क्षयाचा संशय असताना किरणांच्या भीतीने चित्र टाळणे हाही अपराधच आहे.

अतिमात्र व हीनमात्र, दोन्ही योग वर्ज्य, हे तत्त्व आपण औषधाच्या प्रत्येक पुडीस लावतो. चिठ्ठीच्या त्या एका ओळीसही ते लावले जावे, एवढेच आपल्या व्यवसायबंधूंस आग्रहाचे सांगणे आहे.