राखणदाराच्या हातीं माप नको

पारावर बसल्या बसल्या कोणी सहज बोलून जातो, "चार दिवस लष्कराचें राज्य येऊं द्या, सगळे सरळ होतील!" आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना विनंती आहे कीं, असें बोलण्यापूर्वीं आपल्या खळ्याकडे पाहावें. रास पडली म्हणजे आपण राखणदार ठेवतों. काठी त्याच्या हातीं, माप मात्र आपल्या हातीं. तोच मापूं लागला तर रास कोणाची?

शेजारच्या पाकिस्तानांत हेंच घडलें. १९५८ सालीं अयूबखान, १९७७ सालीं झिया-उल-हक, १९९९ सालीं मुशर्रफ, अशी एकामागून एक सेनापतींनीं सत्ता घेतली. झिया नव्वद दिवसांत निवडणुका घेतों म्हणाले आणि अकरा वर्षें बसले. तेथील एकाही पंतप्रधानाला पांच वर्षांची मुदत पुरी करतां आली नाहीं. हा दोष इस्लामाचा, असें कोणी म्हणेल तर तें खोटें. इंडोनेशियांतही बहुसंख्य लोक मुसलमानच. तेथें १९९८ सालीं जनरल सुहार्तो पायउतार झाले आणि पुढल्याच वर्षीं लोकांनीं मोकळेपणीं मतें दिलीं.

काठीचें राज्य आमच्या औरंगाबादेनें, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरानें, आणि साऱ्या मराठवाड्यानें भोगलें आहे. ऑक्टोबर १९४७ मध्यें निजामाचे प्रधान नबाब छतारी दिल्लीशीं करार करावयास निघाले, तों कासीम रझवीच्या जमावानें त्यांचें घर वेढलें. छतारींनीं पद सोडलें. मग रझाकारांनीं गांवोगांव लुटालूट व खून मांडले. विरोध करणारा मुसलमानही सुटला नाहीं. 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें खून पडला.

सप्टेंबरांत हिंदी फौज आली, निजाम शरण आला, जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्या अमदानींत १९४९ सालीं जहागिऱ्या गेल्या, हें रयतेचें कल्याणच झालें. पण फौज आल्यानंतरच्या धामधुमींत हजारों निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीनें तें लिहून दिलें, आणि तो अहवाल कित्येक वर्षें लोकांपुढें आलाच नाहीं. रयतेनें जाब विचारावा तरी कोणाला?

तरीही चौधरी गेले, कारण त्यांच्या डोक्यावर दिल्लीचें मुलकी सरकार होतें. १९५० सालीं वेलोडी हे मुलकी मुख्यमंत्री नेमले गेले, आणि १९५२ सालीं लोकांनीं मतें दिल्यावर बुर्गुल रामकृष्णराव त्या जागीं आले. पाकिस्तानांत सेनापतीच्या वर असा धनी उरला नाहीं. फरक तो एवढाच.

बंधूंनो, राखणदाराला मान द्या, पोटभर भाकर द्या, कारण तो रात्रभर जागतो. माप मात्र देऊं नका. पुढारी नालायक निघाला तर पांच वर्षांनीं त्याला घरीं बसवतां येतें. बंदूकवाल्याला कोण उठवणार?