वाणीचे तेज, वर्तनाची कसोटी

रवी झकरायस हे नाव ख्रिस्ती मतमंडनाच्या क्षेत्रात अनेक दशके आदराने घेतले जात असे. १९४६ साली मद्रासमध्ये जन्मलेल्या व दिल्लीत वाढलेल्या झकरायस यांनी तरुणपणी कॅनडा गाठले आणि १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची प्रचारसंस्था स्थापन केली. श्रीकृष्ण आणि बुद्ध यांच्याशी येशूचे काल्पनिक संवाद रचून त्यांनी ख्रिस्ती मताची सरशी दाखविली. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा स्मरणसभेत अमेरिकेच्या तत्कालीन उपाध्यक्षांनी त्यांचा गौरव केला.

वर्षही उलटले नाही तोच हा प्रभामंडळ विरून गेला. संस्थेनेच नेमलेल्या विधिज्ञांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मालिश करणाऱ्या अनेक महिलांशी केलेले लैंगिक गैरवर्तन त्यातून उघड झाले. एकीने तर बलात्काराचा आरोप केला. प्रकाशकांनी पुस्तके मागे घेतली, धर्मोपदेशकपदाची दीक्षाही मरणोत्तर रद्द झाली. वास्तविक २०१७ मध्येच एका महिलेची तक्रार पुढे आली होती. झकरायस यांनी तिलाच न्यायालयात खेचले, गोपनीयतेच्या अटीवर प्रकरण मिटले आणि संस्था संस्थापकाच्या पाठीशी उभी राहिली. खरा अपराध येथे दुणावला.

महाराष्ट्राला धर्मचर्चा नवी नाही. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना उत्तरे दिली. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी षड्दर्शनांवर टीका केली, तरी त्यांच्या विरक्त जीवनाला कोणी बोल लावला नाही. मताचे खंडन मतानेच व्हावे, ही आपली रीत आहे. झकरायस यांच्या दुराचाराने त्यांचे युक्तिवाद आपोआप खोटे ठरत नाहीत; त्यांना उत्तर अभ्यासानेच द्यावे लागेल.

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात आणि पुढे जुन्या चर्चचा परिसर येतो. मुर्ध्यातील हिंदू कुटुंबाने या प्रकरणाचा टोमणा उत्तनच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला मारणे अनुचित होय. त्या शेजाऱ्याचा यात काय दोष?

बोध घ्यायचा तो प्रत्येक संघटनेने. व्यक्ती कितीही थोर असो, तिच्याविरुद्धची तक्रार ऐकून घेण्याची व्यवस्था हवी. तीही ती व्यक्ती हयात असताना. कार्याची बदनामी होईल म्हणून सत्य झाकले, तर कार्यच कलंकित होते.