गोष्ट नको, डमी पाठवा

चित्रपुस्तकासाठी म्हणून संपादकांच्या टेबलावर जे लेखन येतं, ते बहुधा टाईप केलेल्या दोन-अडीच पानांच्या रूपात येतं. सोबतच्या पत्रात एक ठरलेलं वाक्य असतं : ‘गोष्ट पाठवत आहे, चित्रं आपण काढून घ्यावीत.’ त्यात लेखकाची नम्रता असते, चित्रकाराच्या कामात लुडबुड नको हा विचारही असतो. तरीही मराठी चित्रपुस्तकाचं बरंच नुकसान या एका वाक्याने होत आलं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. शब्द आधी पूर्ण करायचे आणि चित्रं मागाहून चढवायची, या क्रमाने सचित्र गोष्ट तयार होते. तिची आपल्याकडे मोठी आणि देखणी परंपरा आहे. चित्रपुस्तकाची जात निराळी. त्यात गोष्टीचा काही भाग फक्त चित्रात असतो, काही फक्त शब्दांत, आणि दोन्हींची गाठ पान उलटण्याच्या क्षणी पडते. असं पुस्तक टाईप केलेल्या कागदावर दिसतच नाही. ते डमीत दिसतं. म्हणून डमी तयार करणं हे चित्रपुस्तकाच्या लेखकाचं मुख्य काम आहे, आणि तेच या संपादकीयाचं सांगणं आहे.

डमी करायला चित्रकला यावी लागत नाही. ए-फोर आकाराचे चार कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले आणि घडीवर दोन पिना मारल्या, की १६ पानांचं कोरं पुस्तक हातात येतं. आठ कागद घेतले तर ३२ पानांचं. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या पडतात, त्यामुळे पानांची संख्या लेखकाच्या मर्जीने वाढत नाही. १६ पानी पुस्तकात पहिलं पान शीर्षकाला आणि दुसरं प्रकाशनाच्या तपशिलाला दिलं, की तिसऱ्या पानापासून सोळाव्यापर्यंत लेखकाला १४ पानं मिळतात. पान उलटण्याच्या जागा मिळतात फक्त ७. त्याच हिशेबाने ३२ पानी पुस्तकात त्या १५ असतात. मुलाने श्वास रोखून धरावा, अंदाज बांधावा, चुकावं आणि खूश व्हावं, हे सगळं या मोजक्या जागांवर घडवायचं असतं. उजव्या पानावर उत्कंठा आणि उलटल्यावर डाव्या पानावर उलगडा, हे वेळापत्रक ज्याने आखलं नाही, त्याचं पुस्तक अजून लिहून व्हायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. आजी आणि नात एसटीने गावाला निघाल्या आहेत. टाईप केलेल्या गोष्टीत मजकूर असा असेल : ‘आजीच्या हातात निळ्या रंगाची मोठी कापडी पिशवी होती. पिशवीत एक तपकिरी कोंबडी होती. ती सारखी चुळबुळ करत होती. कंडक्टर ओरडेल, अशी आजीला भीती वाटत होती.’ चारही वाक्यं निर्दोष आहेत. आता हाच मजकूर डमीत बसवायला घ्या. पिशवीचा रंग, आकार, कापड हे चित्र सांगणार, म्हणून पहिलं वाक्य गेलं. कोंबडीचं नाव घेतलं तर मुलाला शोधायला काही उरत नाही, म्हणून दुसरंही गेलं. चुळबूळ चित्रात येते : एका पानावर पिशवीला डावीकडे फुगवटा, पुढच्या पानावर उजवीकडे, बंदांच्या मधून डोकावणारं एक पीस. आजीची भीती तिच्या चेहऱ्यावर आणि पिशवीभोवती घट्ट धरलेल्या हातांत. शब्दांसाठी उरतं एवढंच : ‘पिशवीला हात लावू नकोस,’ आजी म्हणाली. मग उजव्या पानावर कंडक्टर येऊन उभा राहतो. ‘एक फुल, एक हाफ,’ आजी म्हणते. पान उलटलं की दोन्ही पानांवर पसरलेली एसटी, वळून पाहणारे सगळे प्रवासी, आणि एकच शब्द : ‘कॉक्!’

अख्ख्या पुस्तकात ‘कोंबडी’ हा शब्द कुठेच नाही. तो मूल स्वतः ओरडून सांगतं, आणि त्या क्षणी गोष्ट त्याची होते. टाईप केलेला मजकूर कितीही घासूनपुसून घेतला तरी लेखकाला ही जागा सापडली नसती. ती पानांची मांडणी करताना सापडते.

जगातल्या ज्या पुस्तकांची आपण नेहमी नावं घेतो, त्यांचा इतिहासही डमीचाच इतिहास आहे. मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ साली आलं. त्यात सुमारे ३४० शब्द आहेत. पण त्याची पहिली छोटीशी डमी १९५५ सालची आहे आणि तिच्या शीर्षकात जंगली घोडे आहेत. घोडे मनासारखे उतरेनात, म्हणून त्यांच्या जागी पुढे ते अक्राळविक्राळ प्राणी आले. छापलेल्या पुस्तकात मुलाचा राग आणि त्याची कल्पना जसजशी वाढते, तसतशी चित्रं पानावर पसरत जातात. ती शब्दांना कडेला ढकलतात आणि मधोमध सलग तीन स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या जोडपानांवर, शब्दच उरत नाहीत. मुलगा घरी परततो तेव्हा शब्दांना पुन्हा जागा मिळते, आणि शेवटच्या पानावर चित्र नसतं, फक्त शब्द असतात. हे सगळं पानांच्या भाषेत लिहिलेलं आहे.

एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं खादाड सुरवंटाचं पुस्तक तर कागदांना पंचने भोकं पाडता पाडता सुचलं. त्यांच्या मूळ कल्पनेत एक पुस्तकी किडा होता. संपादक ॲन बेनेड्यूस यांनी त्याऐवजी सुरवंट सुचवला आणि पुस्तकाला फुलपाखराचा शेवट मिळाला. भोकं आणि कमी-जास्त रुंदीची पानं असलेलं ते पुस्तक अमेरिकेत परवडेल अशा खर्चात छापून मिळेना, तेव्हा ते जपानमध्ये छापून घेतलं गेलं. काम कच्चं असताना संपादकाने बोलायला हवं आणि छपाईची अडचण शेवटपर्यंत बाजूला ठेवू नये, असे दोन धडे त्यातून मिळतात.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे लेखिका आणि चित्रकार दोन्ही आहेत. शब्दांनी कुठे थांबायचं आणि चित्राने कुठून पुढे जायचं, हा निर्णय त्यांच्या पुस्तकांत एकाच टेबलावर होतो. त्यांची पुस्तकं पान-पान सुटं करून अभ्यासावीत, अशी आहेत. मात्र बहुतेक मराठी चित्रपुस्तकांत लेखक एका गावात, चित्रकार दुसऱ्या गावात आणि मध्ये संपादक, अशी व्यवस्था असते. पुस्तक छापून होईपर्यंत दोघांची गाठही पडत नाही. अशा वेळी दोघांना एकत्र आणणारी वस्तू म्हणजे डमी. लेखकाने तिच्यात काड्यांची माणसं काढली तरी चालतं. सूचना लिहायच्या त्या गोष्टीच्या गरजेपुरत्या. ‘कॉक्’पर्यंत कोंबडी पूर्ण दिसू नये, ही सूचना आवश्यक आहे. आजीचं लुगडं कोणत्या रंगाचं, खिडकीबाहेर डोंगर की शेत, हे चित्रकाराचं क्षेत्र. आणि चित्रकाराने डमीत बदल सुचवला, एखादं वाक्य अनावश्यक ठरवलं, तर लेखकाने ते मोकळ्या मनाने तपासावं. असं वाक्य गाळल्याने लेखकाचं काही कमी होत नाही, पुस्तकाचं मात्र वाढतं.

डमी तयार झाली की ती मुलांपुढे न्यायला हवी. अंगणवाडीत, बालवाडीत, जिल्हा परिषद शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात बसून ती वाचायची. मुलांना ‘आवडलं का?’ विचारून हाती काही लागत नाही; मुलं पाहुण्याला हो म्हणतात. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर : बोट कुठे जातं, मागचं पान उलटून बघावंसं कधी वाटतं, कुजबूज कुठे सुरू होते, कोणत्या वाक्याला मागच्या रांगेतली मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. वर्गातल्या बाईंच्या हातात डमी देऊन त्यांनाही वाचायला लावावं. लहान मुलांचं पुस्तक आधी मोठ्यांच्या तोंडून ऐकलं जातं. वाक्य एका दमात म्हणता येत नसेल, तर ते लांब आहे. शिवाय नंदुरबारमध्ये भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. चित्र मात्र ते पहिल्या दिवसापासून वाचू शकतं. चित्राला आपण गोष्टीचा किती भार उचलू दिला, यावर त्या मुलाला आपलं पुस्तक मिळणार की नाही, हे ठरतं.

डमीत आणखी एक गोष्ट वेळेवर कळते, ती म्हणजे मजकुराची जागा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमध्ये मोकळी जागा जास्त लागते. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी अक्षरही मोठं हवं. चित्र पूर्ण झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात मजकूर कोंबला, तर दोन्हींची शोभा जाते. मजकूर फक्त काळ्या शाईत आणि चित्रापासून वेगळा ठेवला, तर चार रंगांच्या छपाईत दुसऱ्या भाषेच्या आवृत्तीसाठी एकच प्लेट बदलावी लागते. अक्षरं चित्रात रंगवून टाकली, की हिंदी किंवा कन्नड आवृत्तीचा खर्च वाढतो आणि अनेकदा तो विचारच बारगळतो.

आता मोबदल्याकडे येऊ. शब्दांवर किंवा पानांवर मानधन देण्याची रीत चित्रपुस्तकाला लावली, की लेखकाच्या कौशल्यालाच दंड होतो. वरच्या उदाहरणात चार वाक्यांचं एक करणाऱ्या लेखकाने काम जास्त केलं आणि त्याला पैसे कमी मिळाले. रॉयल्टीचा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवू. समजा, पुस्तकाची किंमत ६० रुपये, आवृत्ती २,००० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के आणि ती लेखक-चित्रकारांत निम्मी-निम्मी. सगळ्या प्रती पूर्ण किमतीला विकल्या गेल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६,००० रुपये येतात. तेही विक्री होईल तसे. एवढ्यावर कोणी डमीची पाच-सहा रूपं करत बसणार नाही, शाळेत जाऊन ती वाचणार नाही. खरेदी करणाऱ्यांचाही यात वाटा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. त्या मर्यादित रकमेत ‘कमी मजकुराचं’ पुस्तक महाग वाटतं, आणि निवड पुन्हा शब्दांच्या मापाने होते.

कराराबाबत तर कमालीची बेफिकिरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची तीन कलमं या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर हस्तांतरण संपुष्टात येतं. कलम १७ चित्रकारांनी विशेष लक्ष देऊन वाचावं. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, चित्र काढून घेणारा ठरतो. सांगण्यावरून लिहिलेल्या मजकुराला हा नियम नाही. लेखक नोकरीत नसेल, तर मजकुराचा हक्क लेखकाचाच राहतो. म्हणजे एकाच पुस्तकातले दोन निर्माते कागदाअभावी अगदी वेगवेगळ्या जागी उभे असतात. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपलं नाव लावून घेण्याचा, कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर मागताना संकोच करायचं कारण नाही. ‘स्टोरीवीव्हर’सारख्या मुक्त परवान्याच्या व्यासपीठाला पुस्तक देणाऱ्यांनीही नीट समजून घ्यावं, की श्रेय देऊन कोणीही त्याचं भाषांतर करू शकतो, ते छापू शकतो आणि विकूही शकतो. पुस्तक लांबवर पोहोचावं म्हणून हा निर्णय जाणूनबुजून घेतला, तर तो उत्तम आहे. न वाचता सही केली, तर पुढे मनस्ताप होतो.

या सगळ्यातून आमच्या मागण्या तीन. लेखकांनी यापुढे चित्रपुस्तकाची गोष्ट डमीच्या रूपातच पाठवावी. संपादकांनी डमी हातात धरून पानागणिक उत्तर द्यावं, आणि लेखक-चित्रकारांना त्या टप्प्यावर एकदा तरी समोरासमोर किंवा फोनवर एकत्र आणावं. प्रकाशकांनी डमी स्वीकारताना रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम द्यावी, ती शब्दसंख्येशी जोडू नये, आणि मुदत, प्रदेश, भाषांतराचे हक्क व चित्रांची मालकी स्वच्छ लिहिलेला करार दोघांशीही करावा. आमच्या बाजूने, पुढच्या अंकापासून दर महिन्याला एका पुस्तकाची पहिली आणि शेवटची डमी, निर्मात्यांच्या परवानगीने आणि रीतसर मानधन देऊन, शेजारी शेजारी छापण्यात येईल. मधल्या काळात काय गळलं आणि का, हे लेखक-चित्रकार स्वतः सांगतील.

चांगलं चित्रपुस्तक नोकरी-धंद्यातून उरलेल्या वेळात, एका बैठकीत होत नाही. ते दोन माणसांचं महिनोन्‌महिने चाललेलं काम असतं. ते करणारी माणसं या क्षेत्रात टिकायला हवी असतील, तर कामाची पद्धत आणि मोबदल्याची पद्धत या दोन्ही एकदमच बदलाव्या लागतील. सुरुवात लेखकांनी करावी. पानापानाचा विचार केलेलं काम समोर आलं, की त्याची किंमत शब्द मोजून ठरवणं कोणत्याही प्रकाशकाला कठीण जाईल.