निरुपयोगी संख्येची बाजू

२ हा अंक १३,६२,७९,८४१ वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. उरलेली संख्या मूळ आहे, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांच्या शोधातून सिद्ध झाले. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. दोन मिलिमीटरला एक अंक लिहीत गेलो, तर सोलापुरातून निघालेली ओळ पंढरपूर ओलांडून जाईल. अशा बातमीवर ‘उपयोग काय?’ हा प्रश्न ठरलेला आणि ‘यावरच बँकांचे व्यवहार सुरक्षित असतात’ हे उत्तरही ठरलेले. हे उत्तर चूक आहे. त्या कामाला तीनेकशे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. ही तर जगजाहीर आहे. गणिताची बाजू घेताना त्याला खोटा उपयोग चिकटवण्याचे कारण नाही.

खरे मोल आहे ते ती मूळ असल्याचे ठरवण्याच्या रीतीत. एकेका संख्येने भागून पाहायचे म्हटले, तर युगे पुरणार नाहीत. पण २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, म्हणजे मर्सेन संख्यांसाठी ल्युका आणि लेमर यांची चाचणी आहे. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १. तिच्यासाठी ४ नंतर १४, ६७, ४२, १११ आणि पाचव्या पायरीला ०. शून्य आले की संख्या मूळ. विक्रमी संख्येलाही हीच रीत लागू पडते. फक्त पायऱ्या १३,६२,७९,८३९. घातांकातून २ वजा केले की पायऱ्यांची संख्या मिळते. २०४७ वर हीच रीत चालवली, तर नवव्या पायरीला १७३६ उरतात. संख्या फुटते एवढे कळते. २३ आणि ८९ हे तिचे अवयव मात्र कळत नाहीत. न फोडता फुटते हे कळणे, ही गणितातली खरी गंमत.

संगणकांची एवढी वीज कशाला, हा आक्षेप वाजवी आहे, आणि विक्रमासाठी शाळांनी संगणक रात्रभर चालवावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. ‘हे मुलांना झेपणार नाही’ हा आक्षेप मात्र टिकत नाही: लागतात ते वर्ग, वजाबाकी आणि भागाकार. सिद्धता अवघड आहे, ती पुढे शिकता येईल. देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ ची करामत वजाबाकीतूनच शोधली. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, सोलापूरच्या शाळांनी भाषणे थोडी आवरती घ्यावीत आणि आठवीच्या वर्गात फळ्यावर १२७ आणि २०४७ या दोन्ही संख्या मांडाव्यात. निकाल आधी सांगू नये.