तांदळाच्या पोत्याचा हिशेब करायचाच असेल तर नीट करू

कालपासून आपल्या जालन्याच्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. पत्र्याचं घर, आठ-दहा बाया डोक्यावर पदर घेऊन प्रार्थनेला बसलेल्या, आणि फोटोखाली लिहिलंय, 'तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकणाऱ्यांना ओळखा.' गावाचं नाव नाही, तारीख नाही. दोघांनी मला पर्सनलला पाठवून वर म्हटलं, "साहेब, बातमी लावा की."

बातमी लावत नाही. का, ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

2003 साली मी अशीच एक बातमी लावली होती. डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. मानधन नावापुरतं, पेट्रोल स्वतःचं. तेव्हाच्या आमच्या संपादकांनी सांगितलं, मिशनवाले मंठ्याकडच्या वस्त्यांवर फिरतायत, त्यांच्यासोबत जा आणि धर्मांतराचं काहीतरी घेऊन ये. मी गेलो. पत्रकार आहे हे मिशनवाल्यांना सांगितलं होतं. काय शोधायला आलोय, हे सांगितलं नव्हतं.

तीन दिवस त्यांच्या खटारा जीपमधून फिरलो. पाळकसाहेब, त्यांची बायको आणि एक रिटायर झालेल्या नर्सबाई. दिवाळी होऊन गेलेली, म्हणजे धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून गेलेली. वस्तीवर उरलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर सोडलेली लेकरं. पाळकसाहेब येशूच्या गोष्टी सांगायचे, खंजिरीवर भजन म्हणायचे. लोकांनी विश्वास ठेवावा असं त्यांना वाटत होतंच आणि ते तसं तोंडावर बोलायचे. लपवाछपवी काही नव्हती. पोतं मात्र मला दिसलं नाही. तांदळाचंही नाही आणि ज्वारीचंही नाही. जीपमध्ये होतं ते औषधांचं खोकं, चादरी आणि आमचे डबे.

तिसऱ्या दिवशी मातंग वस्तीत एक म्हातारी भेटली. पायाला जखम चिघळलेली, वास इतका की मी रुमाल लावून बाहेरच उभा राहिलो. नर्सबाई आत गेल्या, पाणी गरम करून घेतलं आणि पाय मांडीवर घेऊन धुवायला बसल्या. म्हातारी ठसक्यात म्हणाली, "बाई, आधीच सांगून ठेवते, माझा देव म्हसोबा हाय. तुमच्या येशूचं मला काही सांगू नको." नर्सबाई म्हणाल्या, "नाही सांगत माय. पाय इकडं करा." तासभर ते चाललं होतं. निघताना म्हणाल्या, गुरुवारी येते.

एवढं डोळ्यांनी बघून आलेल्या माणसानं काय लिहिलं? 'गोरगरिबांना प्रलोभने दाखवून धर्मांतर केले जात असल्याची चर्चा परिसरात आहे.' परिसरात अशी चर्चा करणारा माणूस मला एकही भेटला नव्हता. चर्चा होती ती आमच्या ऑफिसात. पण 'चर्चा आहे' म्हटलं की पुरावा लागत नाही, ही सोय आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चार कॉलमात छापून आलं. मी कात्रण घरी नेऊन वडिलांना दाखवलं.

सहा-सात महिन्यांनी पाणीटंचाईच्या बातमीसाठी त्याच वस्तीवर गेलो. म्हातारी दारातच बसलेली. मला ओळखलं नाही. बोलता बोलता म्हणाली, एक गुरुवारची बाई यायची पाय धुवायला, लई मायाळू, पण नंतर यायची बंद झाली. पेपरात काहीतरी आलं म्हणे, गावच्या पोरांनी गाडी अडवली. पायाचं कसं काय, हे मी विचारलं नाही. दिसत होतं. टँकरचे फोटो काढले आणि निघालो.

तो पेपर कधीच सोडला, संपादकही आता त्या कामात नाहीत. पण कालचा मेसेज वाचला तेव्हा त्यात मला माझंच वाक्य दिसलं.

आता पोत्याचा हिशेब. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे आपल्याकडचा मातंग पोरगा ख्रिस्ती झाला की कायद्याच्या नजरेत त्याची जातीची सवलत, राखीव जागा, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळं गेलं. गावात मात्र त्याची जात कोणी विसरत नाही. एका पोत्यासाठी एवढं सगळं कोण सोडील? ज्याला लबाडीच करायची आहे तो हा सौदा करणारच नाही. त्या बाया पत्र्याखाली काहीतरी शोधत बसल्या असतील, तर ते काय आहे हे त्यांना विचारायला नको का?

जालन्यात तर हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय. नारायण शेषाद्री हे नाव किती जणांना माहितीय? ब्राह्मणाच्या घरातला मुलगा, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला, 1843 साली ख्रिस्ती झाला. पुढं 1860 च्या दशकात तो जालन्याला आला. रेल्वे यायला अजून चाळीसेक वर्षं होती. मांग आणि महार कुटुंबांत काम केलं आणि त्यांच्यासाठी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. मुसलमान दिवाण जमीन देतो, जन्मानं ब्राह्मण असलेला पाद्री गाव वसवतो आणि राहायला कोण, तर ज्यांना गावाच्या विहिरीवर उभं करत नव्हते ती माणसं! बेथेल म्हणजे देवाचं घर. बायबलात हे नाव एका पळून निघालेल्या वाटसरूनं ठेवलंय, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेल्या. हा माणूस 1873 साली न्यूयॉर्कच्या परिषदेला जाऊन आला, आणि परत जालन्यातच आला. 1891 ला वारला. (जांबेचे समर्थही मूळचे नारायणच, आणि तेही घर सोडून देशभर हिंडले. आपल्या जिल्ह्याच्या मातीतच काहीतरी असावं.)

याच नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही मिशनऱ्यांकडं राहिला, त्यांच्यात जेवला. प्रकरण कोर्टात गेलं आणि अज्ञान मुलगा म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. आता प्रश्न आला की जातीत परत घ्यायचं कसं. मुलगा कोर्टातून सुटला आणि स्वतःच्याच माणसांच्या दारात अडकला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या म्हणून कोण उभं राहिलं? बाळशास्त्री जांभेकर. दर्पणकार. दर 6 जानेवारीला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो, तेच. त्यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं. मिशनऱ्यांशी त्यांचं पटत नव्हतं, पण त्यांनी बोट दाखवलं ते आपल्याच बंद दाराकडं. पत्रकारदिनाच्या भाषणांत ही गोष्ट मी तरी कधी ऐकलेली नाही. शाल-श्रीफळ मात्र दरवर्षी वेळेवर.

ख्रिस्ती मित्रांनो, तुम्हीही फार खूश होऊ नका. चंगाई सभेच्या बॅनरवर 'कॅन्सर बरा होतो' लिहिणारे तुमच्यातच आहेत. आजारी माणसाला गोळ्या बंद करायला सांगणारा कोणत्याही धर्माचा असो, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्याला लागायला पाहिजे, आणि तशी तक्रार माझ्याकडं आली तर मी नावानिशी छापीन. आणखी एक. पुण्या-मुंबईहून एसी गाडीतून 'मिशन ट्रिप'ला येता, लेकरांना बिस्किटपुडे देता, कडेवर घेऊन फोटो काढता आणि संध्याकाळी परत. तो फोटो आणि ग्रुपवर फिरणारा फोटो यात त्या लेकराच्या दृष्टीनं फार फरक नाही. दोन्हीकडं त्याला कोणी नाव विचारलेलं नसतं. जुने मिशनरीही काही देवदूत नव्हते. आपल्या देवांबद्दल वाईटसाईट लिहीत होते, किती बाप्तिस्मे झाले ते मोजून परदेशी कळवत होते. नर्सबाईंनी तरी मोजले असतील असं मला वाटत नाही. म्हसोबावाल्या म्हातारीत त्यांच्या वहीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, तरी त्या गुरुवारी जात राहिल्या. मी त्यांची गाडी थांबवेपर्यंत.

"तुम्हाला मिशनकडून किती मिळाले?" असं कमेंटमध्ये कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. तीन दिवसांत दोन वेळचा डबा मिळाला होता. पिठलं-भाकरी. त्याची परतफेड मी कशी केली ते वर लिहिलंय.

फोटो पाठवणाऱ्या दोघांना एक विनंती. गाव कोणतं ते शोधून कळवा. गाडी माझी, पेट्रोल माझं. आपण तिघं जाऊ, त्या पत्र्याच्या घरात खाली बसू आणि त्या बायांनाच विचारू, जबरदस्ती झाली का, कोणी काय दिलं, का येता. जबरदस्ती झाली म्हणाल्या तर तिथून सरळ पोलीस स्टेशनला जाऊ, तक्रारीवर साक्षीदार म्हणून माझी सही राहील. नाही म्हणाल्या तर तेही तुम्ही त्याच ग्रुपवर, तितक्याच मोठ्या अक्षरात टाकायचं.

येत्या रविवारी सकाळी मी मोकळा आहे. नंबर तुमच्याकडं आहेच.