गोळ्याला भाव, टिकण्याला नाही

माघ-फाल्गुनात आंबेगाव-खेडच्या शिवारात रब्बी बटाट्याची काढणी सुरू झाली, की विकायचा की ठेवायचा हा प्रश्न बांधाबांधावर निघतो. ठेवायचं ठरलं तर कुणी झाडाखाली आरण, म्हणजे बटाट्याचा झाकलेला ढीग, लावतो, कुणी गोण्या शीतगृहाला पाठवतो. हे सगळं ठरतं बाजारभाव बघून. बटाटा बघून ते क्वचितच ठरतं, आणि पुढच्या नुकसानीचं मूळ इथेच आहे.

शीतगृह बटाट्याला बरं करत नाही. थंडीने कूज मंदावते एवढंच. आत गेलेला रोग आतच राहतो आणि माल बाहेर काढला की उफाळून येतो. त्यामुळे खरी पारख शेतातच व्हायला हवी, आणि तिला फारसं साहित्यही लागत नाही.

सुरुवात सालीपासून करावी. अंगठ्याने दाबून घासल्यावर सालपट सुटलं, तर तो बटाटा ठेवणीचा नाही. काढणीआधी दहा-बारा दिवस पाणी तोडून पाला कापला, तर जमिनीतच साल पक्की होते. भाव चढा असला की एवढी वाट कुणी पाहत नाही. सातगाव पठारावरचा खरीप बटाटा तर ओलीतच निघतो, त्याची साल कोवळी असते. तो लगेच विकलेलाच बरा.

मग सुरी हातात घ्यावी. गोणीतले वरचे चार गोळे निवडून भागत नाही. शेताच्या सखल, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातले बटाटे मुद्दाम कापावेत, कारण कूज तिथूनच येते. सालीखाली तांबूस-तपकिरी डाग पसरलेला दिसला तर उशिरा येणारा करपा कंदापर्यंत उतरला आहे. गर मऊ पडून घाण वासाचं पाणी सुटत असेल तर ती जिवाणूंची ओली कूज. असा एक बटाटा शेजारचे दहा नासवतो. डोळ्यांपाशी काळसर भुसा दिसला तर पाकोळीची अळी आत शिरली आहे. आरणीत तिची पैदास झपाट्याने होते. गाभा काळा पडला असेल, तर माल उन्हात तापला किंवा ढिगात त्याला हवा मिळाली नाही, असं समजावं. हिरवे पडलेले बटाटे बाजूला काढावेत. त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

काही रोग मात्र कापूनही दिसत नाहीत. त्यासाठी युरोपातले साठवणूकदार नमुन्याचे बटाटे उबदार, दमट जागी दहा-पंधरा दिवस ठेवतात. लपलेली कूज तेवढ्यात वर येते. आपल्याकडेही हे सहज जमण्यासारखं आहे. एरवीही जखमा भरण्यासाठी माल 15 ते 20 अंशांवर, दमट हवेत दहा-पंधरा दिवस ठेवावाच लागतो. नमुना त्याच काळात तपासून होईल.

चिप्ससाठीच्या बटाट्याची परीक्षा याहून कडक असते. भाजीचा आणि बियाण्याचा बटाटा 2 ते 4 अंशांवर चांगला राहतो, पण त्या थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर काप काळपट पडतात. साखर वाढली की तळताना अ‍ॅक्रिलामाइडही जास्त तयार होतं; 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. म्हणून हा माल 10 ते 12 अंशांवर ठेवतात, आणि केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये कमी साखरेचे ‘कुफरी चिप्सोना’ वाण दिले. चिप्सच्या बटाट्यात शुष्कांशही, म्हणजे पाणी वगळून उरणारा भागही, भरपूर लागतो. तो घरीही अजमावता येतो. लिटरभर पाण्यात साधारण 120 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटे सोडावेत. जे बुडतात त्यांत शुष्कांश भरपूर असतो, तरंगणारे चिप्सच्या कामाचे नाहीत.

हे सगळं शेतकऱ्यांना अवघड नाही. अडचण आहे ती मोबदल्याची. बाजारात मालाची प्रत ठरते ती गोळ्याच्या आकारावर आणि चमकेवर. दहा-बारा दिवस थांबून साल पक्की करणाऱ्याला आणि ओल्या जमिनीतून घाईने उपटणाऱ्याला एकच भाव मिळत असेल, तर थांबणारा किती वर्षं थांबेल? शीतगृहांनी माल आत घेताना कापून पाहिलेल्या नमुन्याची नोंद पावतीवर करावी: किती कापले, किती खराब निघाले, साल पक्की होती का. ती पावती पाहून व्यापाऱ्याने चार पैसे जास्त मोजावेत, आणि बँकेने मालतारण कर्ज देताना गोण्यांच्या संख्येबरोबर तीही मागावी.