स्वप्नातलं वांगं कुणाचं?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असं आपण म्हणतो. मग मैत्रिणींनो, आपल्या स्वप्नात भाज्या आल्या तर नवल कसलं? दिवसभर ‘आज भाजी कोणती करू’ हाच तर घोर! पण चिनी लोकांकडे स्वप्नातल्या भाजीचंही फळ सांगितलंय.

हा स्वप्नविचार चालतो झोऊ गोंग यांच्या नावावर. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा हा मोठा राज्यकर्ता. आता झोऊ गोंग स्वप्नात येत नाहीत, अशी खंत खुद्द कन्फ्यूशियसने व्यक्त केली होती. त्यांच्या नावाची स्वप्नफळांची पुस्तकं मात्र पुष्कळ नंतरची. १९०० मध्ये दुनहुआंगच्या गुहेत जुन्या पोथ्यांचा साठा सापडला, त्यातही अशी हस्तलिखितं होती.

तिथल्या भाज्यांच्या शकुनात गंमत आहे ती उच्चारांची. चिनी कोबीला म्हणतात ‘बाय-त्साय’. तो उच्चार ‘शंभर प्रकारचं धन’ या शब्दांसारखा, म्हणून कोबी शुभ. सॅलडच्या पानांचं, म्हणजे लेट्यूसचं नाव ‘धन येणे’ यासारखं ऐकू येतं. त्यामुळे नववर्षाच्या सिंहनृत्यात सिंह ही पानं तोंडात घेऊन उधळतो. कांद्याच्या पातीचं नाव ‘हुशार’ या शब्दाशी जुळतं, तर लसणीचं ‘हिशेब’ या शब्दाशी. इथवर सगळं गोड आहे. भाजीवरून कुणी लक्ष्मीची आठवण काढली तर आपलं काय बिघडतं?

मला खटकलं ते पुढचं. त्याच स्वप्नफळांत वांगं खाल्ल्याचं स्वप्न पडलं, तर उपपत्नीला मुलगा होणार, असं सांगितलंय! म्हणजे स्वप्न पाहणारा घरचा कर्ता पुरुष. वांगं चिरणारी, फोडणी घालणारी बाई त्या हिशेबात कुठेच नाही. तिला काय स्वप्नं पडतात, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. आणि आनंदाची बातमी म्हणजे मुलगाच. मुलीचा शकुन सांगणारी भाजी काही मला सापडली नाही.

हसून सोडून द्यावं असं हे नाही. मुलगाच हवा या हट्टापायी २०१० च्या जनगणनेत चीनमध्ये शंभर मुलींमागे सुमारे ११८ मुलगे जन्मत होते. आपणही फार दूर नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. डोहाळजेवणात ‘पेढा की बर्फी’ खेळतो, तेव्हा पेढा निघाला की टाळ्या जरा जास्तच वाजतात ना? खेळ निष्पाप असतो, पण त्या टाळ्या पोटुशीला नीट ऐकू येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शकुन गंमत म्हणून ऐकावेत, भीतीपोटी किंवा हट्टापोटी नाही. आणि अर्थ लावायचाच असेल तर तो आपला आपण लावावा. ज्या बाईने रात्रंदिवस भाज्या निवडल्या, चिरल्या, शिजवल्या, तिला त्यांचा अर्थ दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. स्वप्नात वांगं आलं तर मी एवढंच म्हणेन, उद्या भरली वांगी करूया. आणि पहिला घास घरातल्या लेकीला देऊया.